खर्ज सोडायचा नाही

मास्तर, तुमच्या छडीने माझ्या पिंढऱ्यांवर उठलेले वळ केव्हाच गेले, पण तुमच्या ज्या एका कौतुकाच्या शब्दासाठी मी ते सोसले, तो शब्द मी तुमच्याकडून खोटं बोलून घेतला, हे तुम्ही जिवंत असताना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलं नाही. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी आता निघून आलोय. दात तेवढे शाबूत आहेत, आणि ते घासताना रोज तुमचं तोंड आठवतं. वस्तीतली पोरं विहाराशेजारच्या नव्या हॉलवर पाटी लावणार आहेत. त्या दिवशी मिरवणुकीत मार पडला तरी ज्यांनी बाजा थांबवला नाही, त्यांची नावं. वर तुमचं, खाली माझं. पाटी रंगवायला गेलीसुद्धा. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी कुठला पत्रं लिहिणारा.

मी तुमच्या बँडात आलो तेव्हा पंचविशीत होतो, घरी बायको आणि दोन लेकरं. ऐंशीनंतरची ती वर्षं. चंद्रपुरात आरा मशीनवर सागवानाचे गोल, म्हणजे ओंडके, चिरायचं काम करत होतो आणि सुटीच्या दिवशी सकाळी तुमच्या अंगणात यायचो. तुम्ही मला आधी क्लॅरोनेट दिलं. वरचा सूर लागला की फाटायचा, आणि फाटला की छडी पडायची. लग्न झालेल्या माणसाला सगळ्यांसमोर मारायची तुम्हाला लाज वाटत नव्हती आणि मार खायची मलाही नव्हती. "काऊन बे, कानात बोळे घालून आला का? आपलाच सूर आयकू नाई येत तुले?" असं तुम्ही ओरडायचात. मास्तर, तुम्ही शिवी दिली ती खरीच होती. नव्हतंच ऐकू येत. आरा मशीनच्या पात्याने माझे कान खाल्ले होते. आधी पाखरं गेली, मग घड्याळाची टिकटिक, मग बायकोच्या बांगड्या. बारीक, उंच आवाज तेवढा जायचा, जाड आवाज यायचा, त्यामुळे चारचौघांत निभावून जात होतं. समोरच्याच्या ओठांकडे पाहत राहायचो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हाकललं असतं, कारण शंकरपटाच्या शर्यतीत लंगडा बैल कोण जुंपतो?

मग एक दिवस वैतागून तुम्ही खाटेखालून पोत्यात गुंडाळलेला तो राक्षस ओढून काढला. बॅरिटोन सॅक्सोफोन. कुठल्या तरी मोडलेल्या मिशनच्या बँडाकडून तुम्ही तो आणला होता आणि उचलायला कोणी तयार नव्हतं. वरून आतड्यासारखा दुमडलेला, गळ्यात अडकवला की मान खाली जायची. वस्तीतली लेकरं त्याला हेला म्हणायची, रेड्यासारखा ओरडतो म्हणून. मी पहिली फुंक मारली आणि तो आवाज मला कानाने नव्हे, बरगड्यांनी ऐकू आला. किती वर्षांनी मला माझाच सूर पुरा कळला होता. मला रडू आलं. तुम्हाला वाटलं वजनाने आलं. "येवढे गोल उचलते अन् पितळ जड झालं का बे तुले?" म्हणालात, आणि सवयीने एक छडी दिलीतच.

त्या हेल्यावर तुम्ही मला जे शिकवलं ते बँडात दुसऱ्या कोणाला शिकवलं नाही. लग्नाच्या वरातीत क्लॅरोनेट नाचे, ट्रंपेट मिरवे, आणि मी खाली दोन-तीन सुरांवर गाण्याचं ओझं वाहत चालायचो. वरातीतलं कोणी माझ्याकडे ढुंकून बघायचं नाही, पण मी थांबलो की नाचणाऱ्यांचे पाय चुकायचे. कवायतीच्या चालीत माझं काम डाव्या पायाच्या ठोक्याचं. धानोऱ्याकडच्या नाटकांत तुम्ही मला खलनायकाच्या मागे लावला. तो स्टेजवर आला की मी खालून गुरगुरायचं, आणि मारामारी सुरू झाली की एका ठोशाला एक सूर. एकदा मी उशीर केला तर खलनायकाने वाट पाहिलीच नाही, नायकाच्या खरोखरच कानफटात बसली आणि लोकांनी त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या दिल्या. पलटणीच्या बँडात असताना तुम्ही गोऱ्यांच्या नाचाच्या तबकड्या ऐकल्या होत्या. त्यांच्यात हा बाजा मागून कसा भुंकतो ते तुम्ही तोंडाने करून दाखवायचात. "कुत्रा हाडूक धरून गुरगुरते न, तसा. ते गाणं म्हणत नाई, ते धमकी देते." पण जयंतीच्या मिरवणुकीत मात्र तुम्ही सगळं उलटं केलंत. चाल मला दिली आणि क्लॅरोनेटांना साथीला लावलं. बाकीचे रुसले. तुम्ही म्हणालात, "मानसाच्या गळ्याइतका खाली याचाच आवाज हाय. आपल्या लोकाईले याच्यासंग गाता आलं पाह्यजे." आणि गाणं संपलं तरी पुढचं सुरू होईपर्यंत मी एकट्याने खालचा सा धरून ठेवायचा. "खर्ज सोडाचा नाई. खर्ज तुटला का मिरवणूक तुटते." फक्त तुमची लांब शिट्टी झाली तरच सोडायचा. या एका नेमापायी माझ्या पाठीवर किती छड्या मोडल्या असतील, कारण शिट्टी मला कधीच ऐकू यायची नाही. मी क्लॅरोनेटवाल्यांची बोटं बाजावरून सुटलेली पाहून उशिरा थांबायचो, आणि तुम्हाला वाटायचं की गडी मंद आहे.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. राजुऱ्याच्या पुढचं, एवढं पुरे. तिथे आपल्या लोकांच्या वस्तीची मिरवणूक कधी मोठ्या रस्त्याने गेली नव्हती. त्या वर्षी बोलणी झाली आणि गावच्या मोठ्या लोकांनी एक अट घातली की देवळापासून चावडीपर्यंत बाजा बंद. तुम्ही ती मान्य केलीत. रागाने तुमचा जबडा हलत होता, तरी मान्य केलीत, कारण मिरवणुकीत बाया होत्या, कडेवर लेकरं होती. निघताना सगळ्यांना बजावलंत, "देवळाजवळ माही शिट्टी झाली का आवाज नाई पाह्यजे. श्वासाचा बी नाई." हे मी तुमच्या ओठांवरून नीट वाचलं होतं. अट मला ठाऊक होती. मला उशिरा कळली, असं म्हणायची सोयही मला नाही.

भरदुपार आहे. कोणीतरी निळा गुलाल उधळतो आणि तो घामाबरोबर माझ्या डोळ्यांत उतरतो. आग आग होते, डोळे उघडवत नाहीत, हात बाजावरून काढता येत नाहीत. मी बंद डोळ्यांनी चालतो आहे, पुढच्याच्या पाठीला बाजा लागतो आहे तेवढ्यावरून. गाणं संपतं. मी खर्ज धरतो. पुढचं गाणं सुरू होत नाही. मी श्वास घेऊन पुन्हा धरतो. मला वाटतं, मास्तरांना आज सुचत नाहीये की काय. तुम्ही शिट्टी वाजवलेली असते, सगळा बँड गप्प झालेला असतो, ढोलसुद्धा, आणि देवळासमोरच्या त्या शांततेत माझा एकट्याचा हेला ओरडत असतो. मी तिसऱ्यांदा श्वास घेतला आणि बाजावर काठी बसली. तोंडात धरलेला त्याचा तुकडा माझ्या ओठांतून आत घुसला. डोळे उघडले तेव्हा निळ्या धुरळ्यात माणसं पडत होती. झेंडा धरलेल्या एका बाईचा हात कोपरातून भलतीकडे वळला होता आणि ती तो बघत बसली होती. देवळाच्या ओट्यावरून दगड येत होते. मला जो सापडला त्याची मान मी काखेत धरली आणि त्याचं तोंड पितळेवर आपटलं, पुन्हा आपटलं, तो ढिला पडल्यावरही आपटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभे होतात. तुम्ही काय ओरडलात ते मला ऐकू आलं नाही, नंतर लोकांनी सांगितलं. "माह्या हुकमानं वाजवून राह्यला तो! माराचं तर मले मारा!" त्यांनी मारलं. कुऱ्हाडीचा तुंबा, मागची बोथट बाजू, तुमच्या तोंडावर बसला. तुम्ही खाली बसलात आणि ओंजळीत थुंकलात. ओंजळीत दात होते. मग त्यांनी माझ्या गळ्यातून हेला ओढून घेतला आणि दगडांनी चेचून चपटा केला.

दवाखान्यात तुमचा जबडा तारेने बांधला होता. मी बाजूच्या स्टुलावर बसायचो आणि मनात उजळणी करायचो. मास्तर, मी बहिरा आहे. मास्तर, माझ्यामुळे झालं. चौथ्या दिवशी तुम्ही नातवाची पाटी मागवलीत आणि तिच्यावर लिहून माझ्यासमोर धरलंत. शिट्टी ऐकली होती? माझं तोंड उघडलं. तुमचे डोळे सुजून बारीक झाले होते, पण त्यांत राग नव्हता. त्यांत जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तुम्हाला 'हो' हवं होतं, मास्तर. अट तुम्ही मान्य केली होती, शिट्टी तुम्ही वाजवली होती, आणि ती मोडणारा एक तरी निघाला असं तुम्हाला हवं होतं. मी म्हणालो, "हव, आयकली होती." तुम्ही पाटी बाहीने पुसलीत आणि मोठ्या अक्षरांत लिहिलंत, शाबास. पाच वर्षांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की त्या हात मोडलेल्या बाईची मला आठवणही झाली नाही. ती त्याच दवाखान्यात होती.

पुढच्या वर्षी आपला बँड त्याच रस्त्याने पूर्ण आवाजात गेला. पोलिसांची गाडी होती, ओट्यावर माणसंही होती, पण कोणी हललं नाही. म्हणजे माझ्या बहिरेपणाने जे झालं ते शहाण्यांच्या बोलण्यांनी झालं नसतं, हेही खरं. पण तुम्हाला पुन्हा क्लॅरोनेट धरता आलं नाही. बोळक्या तोंडाने तुम्ही जो भेटेल त्याला माझी गोष्ट सांगायचात, बसस्टँडवर, लग्नात, न्हाव्याकडे. मी शेजारी मान खाली घालून उभा असायचो आणि लोक म्हणायचे, किती गरीब स्वभावाचा गडी. दशक संपायच्या आत तुम्ही गेलात. मला मारायचं मात्र तुम्ही त्या दिवसापासून कायमचं सोडलं होतंत, आणि त्याचा मला फार त्रास झाला.

पाटी लागायच्या आत निदान बाईंना, तुमच्या बायकोला, खरं सांगावं म्हणून परवा तुमच्या घरी गेलो होतो. बाईंना आता दिसत नाही. मला चाचपून ओळखलं आणि म्हणाल्या, "बस रे. ह्या नातजावयाले ते मिरवणुकीचं सांग. नवा हाय थो, त्याले माईत नाई." मी सांगायला लागलो. खरं सांगायचं ठरवून लागलो होतो, मास्तर. अट सांगितली, देऊळ सांगितलं, गुलाल गाळला. नातजावयाने हाताच्या खुणेने विचारलं, शिट्टी मोठी होती? मी म्हणालो, मोठी म्हणजे, कानठळ्या बसल्या माझ्या. आणि दोन बोटं तोंडात घालून ती वाजवून दाखवली. बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तुम्ही अशीच वाजवायचात म्हणाल्या असतील, किंवा दुसरंच काही. माझ्या मुलाने घेऊन दिलेलं कानाचं मशीन मी त्यांच्या दारातच काढून खिशात ठेवलं होतं, बाई रडल्या तर ऐकू येऊ नये म्हणून. माझी शिट्टी वाजली, हे मला त्यांच्या तोंडांकडे पाहूनच कळलं.