गरम झाल्यावर पुन्हा सुरू करून दाखवा

अहो मल्लूचे अप्पा,

दोनदा साबण लावला तरी हाताचा एरंडेलाचा वास जात नाहीये. तुमचे धाकटे भाऊ आत्ताच तरातरा जिना उतरून गेले, मी केलेला चहा तसाच सोडून. जाताना दारात थांबून म्हणाले, "अण्णाला काय वाटंल ह्याचा तरी इचार करा की, वहिनी." म्हटलं, ज्यांना वाटायचं त्यांनाच सरळ कळवावं. म्हणून ही वही घेऊन बसले. परवानगी मागत नाहीये, हे आधीच सांगते. झालेली गोष्ट कळवतेय.

मी गाडी घेतली. हातभर लांबीची, रिमोटची, तुमच्या गाडीसारखीच नायट्रोच्या इंधनावर पळणारी. बॅटरीचं खेळणं नाही, लिंबाएवढं का होईना पण खरं इंजिन असलेली आणि डांबरावर पळवायची. वापरलेली आहे, पण निवडली मी. आज सकाळी चिंचोळी एमआयडीसीत, तुमच्याच रस्त्यावर चालवून आले.

अकरा वर्षं दर रविवारी आपण तिथं जायचो, आठवतंय ना? बंद सूतगिरणीच्या मागचा तो सरळ रस्ता. स्कूटरवर मागे मी, मांडीवर इंधनाची बाटली, फडकं आणि कडक भाकरी नि शेंगाचटणीचा डबा. तुम्ही आणि तुमचे दोन मित्र रिमोट धरून रस्त्यात उभे, आणि मी स्टँडवर लावलेल्या स्कूटरवर बसलेली. अकरा वर्षांत एकदाही "धर, चालवून बघ" असं तुमच्या तोंडून निघालं नाही. मागितला असतास तर दिला असता, असं म्हणू नका. मी दोनदा मागितला होता. एकदा म्हणालात, महाग असतो. एकदा म्हणालात, आज वारा फार आहे. वाऱ्याचा काय संबंध होता हो?

माझे वडील यंत्रमाग दुरुस्त करायचे, हे तुम्हाला ठाऊक. आमच्या भिंतीला लागूनच मागांची शेड होती. चारांपैकी कुठला माग बिघडायच्या बेतात आहे, हे मला स्वयंपाकघरात बसून कळायचं. वडील दारातून विचारायचे, "कुठला गं?" मी सांगितलेल्या मागाकडे ते पाना घेऊन जायचे. एवढ्याशा पोरीचं ऐकण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. तोच कान घेऊन मी तुमच्या घरात आले.

आणि तुम्ही काय करायचात? इंजिनाला इंधन किती जायचं ते ठरवणारी सुई आवळत राहायचात. अजून पाव फेरा, अजून पाव फेरा. इंधन कमी केलं की गाडी पळते जोरात, खरंय. पण त्या इंधनातलं एरंडेल तेलच तर इंजिनाला आतून ओलं ठेवतं. धूर दिसेनासा व्हायचा, आवाज कोरडा व्हायचा. मी स्कूटरवरूनच म्हणायचे, अहो, जरा सैल करा, कोरडं पळतंय. तुम्ही मागं वळूनही न बघता म्हणायचात, "सुम्न कुंद्रु." गप बस. सगळा संसार मराठीत केलात, मला गप्प करायला तेवढे कानडीत शिरायचात.

मग इंजिन तापून बंद पडायचं. सुरू करायची दोरी ओढून ओढून तुमचा खांदा भरून यायचा. शेवटी पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं की ते चर्र करून गार व्हायचं आणि कसंबसं सुरू व्हायचं. तुम्ही माझ्याकडे बघून हसायचात. मी हसत नसायचे, हे तुम्हाला कधी दिसलं का?

एक गोष्ट लिहू की नको, असं सकाळपासून चाललंय. लिहितेच. गेल्या वर्षी आपला जिना चढताना तुमचा श्वास तसाच वाजायला लागला होता. कोरडा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुम्ही कठड्याला हात लावून थांबायचात आणि मोबाइल बघतोय असं दाखवायचात. मी एकदा म्हटलं, डॉक्टरांना दाखवून या. "सुम्न कुंद्रु." आणि मी बसले गप्प! इंजिनासाठी दहा वेळा तोंड उघडणारी मी, तुमच्यासाठी एकदा बोलून मूग गिळून बसले. तुमच्यावर राग आहेच. माझ्यावर त्याहून जास्त आहे.

तुम्ही गेलात त्या दिवशीही मी गप्पच होते. आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवलं, कपाळभर विभूती लावली. भाऊजी कपाटातून तुमचा रिमोट घेऊन आले आणि रडत रडत तुमच्या मांडीवर ठेवला. अशी काही आपली रीत नाही, पण विधीला आलेले स्वामी काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. मला वाटलं, निघताना काढून घेतील. तिसऱ्या दिवशी मी रिमोट शोधायला लागले तर भाऊजी छाती भरून म्हणाले, "अण्णाचा जीव हुता त्यात. त्याच्याबरोबरच दिला मी."

मला हसू फुटलं. भेटायला आलेल्या बायकांनी खोली भरलेली, आणि मी पदर तोंडाला लावून हसतेय. थांबेचना. तुमच्या आत्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला, तिला वाटलं मी रडतेय. नंतर खरंच रडले. गाडी घरात आणि रिमोट तुमच्याबरोबर मातीत! असा घोळ आपल्याच घरात होऊ जाणे.

मग तुमच्या गाडीचं काय करायचं यावर घरात सभा भरली. भाऊजींचं म्हणणं, काचेची पेटी करून फोटोशेजारी ठेवू, सोमवारच्या सोमवारी हार घालू. मल्लूनं पुण्याहून फोनवर सांगितलं की ती कुणाला तरी देऊन टाक. मी म्हटलं, मी चालवणार. मग तो समजूत घातल्यासारखा म्हणाला, "आई, एवढी हौस असेल तर बॅटरीची छोटी घेऊन देतो. घरातल्या घरात चालव." घरातल्या घरात! फ्रिजपासून देवघरापर्यंत?

दुसरा रिमोट जोडता येतो, हे मला माहीत होतं. अकरा वर्षं तुमच्या मित्रांचं बोलणं ऐकत बसले होते ना. पण इंजिन? त्याचा प्लग काढला आणि इंजिनाचं चाक हातानं फिरवलं. चांगल्या इंजिनात दट्ट्या वरच्या टोकाला आला की बोटाला थोडं अडल्यासारखं लागतं. तुमचं लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं. कोरडं पळवून, वर गार पाणी ओतून तुम्ही ते पार घासून टाकलंत. सुटे भाग विचारले तर ते मॉडेलच आता येत नाही, असं कळलं. तेव्हाच ठरवलं की आपली वेगळी घ्यायची.

नवी नको होती. नवं इंजिन आधी कितीतरी टाक्या हळू पळवून रुळवावं लागतं, एवढा धीर मला नाही. शर्यतीतलीही नको. मला कुणाला हरवायचं नाहीये, रविवारी तासभर पळवायचीय. दोरीनं सुरू होणारी, साधी, जिचं मोडलेलं परत मिळेल अशी हवी होती. एवढं मनाशी पक्कं करून मी बार्शीची एसटी धरली.

बार्शीत धान्याच्या बाजारामागे एक गृहस्थ गाडी विकत होते. लालभडक, वरचं कवच आरशासारखं चमकवलेलं. त्यांनी दोरी ओढली, एका झटक्यात सुरू, आणि गोदामापुढच्या फरशीवर अशी सुसाट नेली की क्षणभर मीही भुलले. मग म्हटलं, चांगली तापू द्या, बंद करा, आणि गरम झाल्यावर पुन्हा सुरू करून दाखवा.

तिथं त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, गरम इंजिन जरा थांबूनच सुरू करावं लागतं, सगळ्यांचं तसंच असतं. मी थांबायला तयार नव्हते. त्यांनी सात-आठ वेळा दोरी ओढली, काही नाही. मग त्यांचा हात पाण्याच्या बाटलीकडे गेला आणि अहो, मला तुम्हीच दिसलात! तस्सा हात, तस्सं हसणं. मी म्हटलं, पाणी घालायचं नाही. तेव्हा ते वैतागले.

"बाई, तुमाला ह्यातलं कळायचं न्हाय. घरातल्या पुरुष माणसाला पाठवा की."

"ते पुढं गेलेत, रिमोट घेऊन," मी म्हटलं. "तुमी दोरी वडा."

त्यांना काही कळलं नाही, पण दोरी ओढली. इंजिन गप्पच. मी पदर खोचला आणि एसटी स्टँडवर आले. रिकाम्या हातानं परतीची बस धरली, खोटं कशाला सांगू. पण मी गप्प बसले नव्हते.

दुसरी गाडी आपल्या सोलापुरातच निघाली. चिंचोळीच्या एका कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या माणसाची, बदली होऊन चालला होता. दिसायला अगदी अवकळा. कवचाला जागोजागी चिकटपट्टी, खालची पट्टी खरवडलेली. पण गिअरचे दात शाबूत होते आणि चाकं हलवून पाहिली तर डुगडुगत नव्हती. मी प्लग काढायला सांगितला, इंजिनाचं चाक फिरवलं, वरच्या टोकाला बोटाला नीट अडलं. प्रत्येक वेळी पळवून झाल्यावर आत तेलाचे दोन थेंब सोडतो, असं तो स्वतःहून म्हणाला. मग तापेपर्यंत पळवली. मागं निळसर धुराची रेघ आणि आवाज भरलेला, ओला. बंद केली. गरम असतानाच दुसऱ्या ओढीला सुरू झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी धुराचं निमित्त केलं.

शेवटी त्यानं गाडी हातात उचलून धरली आणि इंजिन सुरू असतानाच रिमोट बंद केला. लगेच ब्रेक लागला, चाकं जागच्या जागी थांबली. "आसंच पायजे," तो म्हणाला. "रिमोट गेला की गाडीनं थांबायचं. न्हायतर मोकाट सुटती."

बरोबरच आहे. तुमची एकदा मोकाट सुटून नाल्यात पडली होती. पण मला एकदम घरातल्या सगळ्यांचे चेहरे आठवले. भाऊजींचा, मल्लूचा, हळदीकुंकवाला आता बोलवत नाहीत त्या बायकांचा. तुम्ही गेलात म्हटल्यावर मीही जागच्या जागी थांबायचं, असंच सगळ्यांनी धरलं होतं. गाडीचं ठीक आहे हो. मी का थांबू?

आज सकाळी तिला घेऊन गेले. तुमचे दोन्ही मित्र आले होते. एकजण सवयीनं रिमोटसाठी हात पुढे करून उभा राहिला, मी त्याच्या हातात डबा दिला. पहिल्यांदा गाडी थेट गटाराच्या कठड्यावर नेऊन आपटली. दुसऱ्यांदा उलटीकडे वळली, कारण ती माझ्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं बदलतं, हे स्कूटरवर बसून कधी कळलं नव्हतं. तिसऱ्या टाकीला सरळ गेली. सूतगिरणीच्या फाटकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. वारा होता, बरं का. भरपूर होता.

चाकं तुमच्या गाडीची काढून लावलीत. रबर चांगलं होतं आणि बसलीही अचूक. कवच मात्र तिचंच ठेवलं, चिकटपट्टीसकट. तुमची गाडी भाऊजींना देऊन टाकीन, घालू देत हार. चाकांच्या जागी काय लावायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

कुणीतरी मला रस्त्यावर पाहून भाऊजींना कळवलं, म्हणून ते घरी आले. ह्या वयात, ह्या दिवसांत, चारचौघांत पोरखेळ, असं बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, पुढच्या रविवारी येता का? चहा तिथंच राहिला.

आता शब्द देते. सुई आवळणार नाही. मागं धुराची रेघ दिसेल एवढी सैल ठेवीन, हळू पळाली तरी चालेल. गरम इंजिनावर पाणी ओतणार नाही. कुणाचा श्वास कोरडा वाजला, मल्लूचा किंवा भाऊजींचा, तर दवाखान्यात नेईपर्यंत तोंड बंद ठेवणार नाही. आणि कुणी रिमोट मागितला, तर वाऱ्याचं कारण न सांगता देईन.

तुमचा रिमोट तुमच्या मांडीवर आहेच. हवा तेवढा दाबा. ही गाडी त्याला जोडलेली नाही, ती माझंच ऐकते. अकरा वर्षं मी बसले, आता तुमची पाळी. सुम्न कुंदर्री.

तुमची,
जगदेवी