बेडकांची पाठ खिडकीकडे

सोमवार, ३ मार्च
आजपासून ओर्नेल्लावर चिडायचं नाही.

सकाळी अकरा. चिडले. बेडकाचं अंडं गोल. त्यात पाठ कुठली, पोट कुठलं, हे कोण ठरवतं? ती म्हणते, शुक्राणू. तो शिरतो ती बाजू पोटाची, समोरची पाठीची. मी म्हणते, उजेड. शुक्रवारी डिरेक्टरांसमोर निकाल. लॅबमध्ये कायमची जागा एकच, आम्ही दोघी.

वर माझी डिश बघून म्हणाली, काय गोड अंडी गं तितीना, मोतीच जणू! असं तोंडावर बोलतात?

मंगळवार, ४ मार्च
निम्मी अंडी मेली. मी दृष्टबिष्ट मानत नाही. मी शास्त्रज्ञ आहे. तरी असुंता मावशीचं चिनीमातीचं लाल शिंग आणलं. दृष्टीवर शिंगच लागतं, हे नेपल्समधलं शेंबडं पोरही सांगेल.

नवी अंडी घेतली, हलू नयेत म्हणून जेलीत रोवली. शिंग डिशच्या खिडकीकडच्या कडेखाली सरकवलं. डिश चांगलीच तिरकी झाली. होऊ दे.

बुधवार, ५ मार्च
जिंकले! झाडून सगळ्यांची पाठ खिडकीकडे!

ओर्नेल्ला म्हणाली, अंधारात करून बघितलंस का? जळते मेली. तिला सांगितलं, कॉफीत साखर घालत जा, जीभ तरी गोड होईल. तरी तिचं तोंड बंद करायला नव्या अंड्यांची एक डिश कपाटात ठेवली. शिंगासकट, अर्थात, तसंच खिडकीकडच्या कडेखाली. तिथेही दृष्ट पोचते.

गुरुवार, ६ मार्च
कपाटातही पाठी खिडकीच्याच बाजूला. म्हणजे फटीतून उजेड शिरतो. हल्ली सुतार कपाटंसुद्धा धड करत नाहीत.

उद्या शांत राहायचं. निळा ड्रेस.

शुक्रवार, ७ मार्च
ओर्नेल्लाने स्वतःची डिश आणली. याच खिडकीत ठेवलेली, पण सपाट. पाठी दाही दिशांना, प्रत्येक पाठ आपापल्या शुक्राणूच्या समोर. मग माझ्या डिशखालचं शिंग ओढून काढलं. म्हणाली, अगं बाई, उजेड कसला! तिरक्या रोवलेल्या अंड्यात शुक्राणूचंही चालत नाही, वरची बाजू पाठ होते. हे शिंगाचं काम.

डिरेक्टर म्हणाले, हे तर शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. पण बोलण्याआधी त्यांनी शिंगाला हळूच बोट लावलं. मी पाहिलं.

मी शांत राहिले नाही. खिडकीत आता एक काच कमी आहे.

शनिवार, ८ मार्च
जागा ओर्नेल्लाला.

सामान न्यायला गेले. शिंग उचललं, तर डिरेक्टर म्हणाले, ते मात्र इथेच राहू दे, बाई.

राहिलं.