गल्लीत गटार खणण्याची सूचना

सोमवार, ५ फेब्रुवारी १९३४

शी! येत्या सोमवारी आमच्याच गल्लीत गटार खणायचं, आणि रहिवाशांना द्यायची आगाऊ सूचना लावली कुठे? म्युनिसिपल कचेरीच्या आतल्या बोर्डावर! तीही इंग्रजीत! मीच टाइप केली, मीच टाचली. ओव्हरसियरसाहेबांना म्हटलं, दवंडी द्यायची ना? तर पान चघळत म्हणतात, "गंगाधरपंत, आधी सांगितलं की दहा माणसं दहा रडगाणी घेऊन येतात. तुम्हीही तोंड मिटा." किळस येते या माणसाची.

बुधवार, ७

सूचनेवर कुणीतरी क्लबाच्या टेनिसचा कागद टाचलाय. वा रे कारभार!

शनिवार, १०

समोरच्या मल्लप्पाकडे सुताची गडबड. धाकटीच्या लग्नाची लुगडी घरच्याच मागावर विणणार. त्याची बायको नागम्मा म्हणाली, "सोमवारी गल्लीत सुताचा ताणा लावतोय, सायकल मागनं काढा की."

बरं म्हटलं. जेवायला बसलो.

सोमवार, १२

घात झाला! पहाटेच मल्लप्पानं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलं. आठ लुगड्यांचं! नवराबायको कुंच्यानं खळ लावत होती, तोच कुदळी घेऊन माणसं हजर. ओला ताणा गुंडाळता येत नाही, जागीच वाळवावा लागतो. मल्लप्पा हात जोडत होता — "सायेब, दोन तास! ऊन तरी येऊ द्या की!" ओव्हरसियर म्हणे, "आठ दिवस नोटीस लागलीय. वाचायला काय धाड भरली होती?" मुकादमानं खुंटे उपटले. सगळं सूत मातीत. लग्न पंधरवड्यावर!

मेल्यांना लाज कशी वाटत नाही? असल्या कचेरीचं मीठ खातो मी — थू! उद्या ओव्हरसियरसाहेबाला तोंडावर विचारणार.

मंगळवार, १३

साहेब फार कामात दिसले. उद्या.

बुधवार, १४

घरी यशोदा म्हणते, "इथे वहीत तणतणता, तिथे का बोलत नाही?" बायकांना कचेरीतलं काय कळतं!

गुरुवार, १५

संध्याकाळी मल्लप्पाकडे गेलो. म्हटलं, फार वाईट झालं, कचेरीत माणुसकी म्हणून उरली नाही. नागम्मा चिखलातलं सूत बोटांनी सोडवत होती. वर न बघता म्हणाली —

"तुमच्या दारातला धुण्याचा दगड तुमी रविवारीच आत नेलासा. लई जड. मीबी हात लावला व्हता की."