हाज्जा इनायतसाठी वाढवलेले लावे

३ एप्रिल
गच्चीवर लाव्यांची पिल्लं आली. आमच्या लेकीचं, इब्तिहालचं लग्न आठ मेला. तोवर लावे ताटात जाण्याजोगे होतात. लग्नाच्या रात्रीचं जेवण मुलीच्या घरून जातं आणि तबकाचं झाकण मुलाची आई उघडते. ती म्हणजे हाज्जा इनायत. थोरल्या सुनेकडून आलेलं बदक किडकिडीत निघालं, हे ती अजून साऱ्या मन्सूरा शहराला सांगते. मी घाबरलेलो नाही. जन्मभर लोकांचे विजेचे मीटर वाचले, कुणाच्या कुत्र्याला भ्यालो नाही. फक्त कॉफीच्या दुकानात सगळ्यांसमोर बोलून बसलोय, की माझे लावे कबुतराएवढे होतील. तेही औषधाशिवाय, निव्वळ नैसर्गिक खुराकावर.

५ एप्रिल
मसालेवाल्या साबरीकडून कलौंजी आणि लसणाची पूड आणली. किलोभर खाद्याला चमचाभर, जास्त नको, म्हणाला. म्हणूनच त्याचं दुकान एवढंसं राहिलं. मी मूठभर घातली.

११ एप्रिल
पिल्लं दाणे निवडून खातात, मसाला तसाच राहतो. शिंकतातही. करीमा म्हणाली, पिल्लं वाढवताय की आतापासूनच फोडणी देताय? बायकोला सायंटिफिक गोष्टी सांगण्यात अर्थ नाही. सगळं एकत्र दळलं. आता निवडून दाखवा म्हणावं.

१६ एप्रिल, पहाटे
स्वप्नात हाज्जा झाकण उघडत होती. छातीत धडधड. गॅस असणार. मधातून कलौंजी घेतली. लाव्यांच्याच डब्यातली.

२१ एप्रिल, वसंताचा सण
मुलाकडची मंडळी खारवलेले मासे आणि कांदे घेऊन आली. हाज्जा सरळ गच्चीवर. एक लावा उचलला, फुंकर मारून छातीवरची पिसं बाजूला केली, चरबी पाहिली, खाली ठेवला. मी कठड्याला धरून उभा होतो, जिना चढल्यामुळे. जेवताना म्हणाली, इब्तिहालचे बाबा, पिल्लं कधी आणलीत, काल? मी खूप हसलो. इब्तिहाल माझ्याकडेच बघत होती.

२२ एप्रिल
नवा प्लॅन. डोस दुप्पट. शिवाय मेथी आणि दालचिनी.

२७ एप्रिल
खाणंच सोडलंय त्यांनी. साबरी म्हणाला, उस्ताद शौकी, चमचा म्हणजे चमचा. एवढ्या लसणाने माझी गिऱ्हाइकंसुद्धा पळतील. आता साधं खाद्य द्या. विचार करतो म्हणालो. खरं म्हणजे पक्ष्यांना टेन्शन आलंय. पाण्यात कॅमोमाइलची फुलं उकळून दिली. दिवसभर झोपले. उरलेलं मी प्यायलो. मला झोप नाही.

४ मे
साधं खाद्य टाकलं. अधाशासारखं खाल्लं, पण आता उशीर झाला. लग्नात बाप आजारी पडला तर चालतं का, हे विचारायला करीमाला शोधत तिच्या बहिणीकडे गेलो. अंगणात मांडीत बदक धरून करीमा त्याच्या चोचीत भिजवलेला मका कोंबत होती. बाजूला आणखी तीन, चांगली गलेलठ्ठ. ही कधीपासून पोसतेयस, हे विचारायची हिंमत झाली नाही. म्हणजे, गरज वाटली नाही.

८ मे
लाव्यांत हिरवा गहू ठासून भरला, तरी मुठीत मावतात. तबक गेलं. बॅटरी वाचावी म्हणून फोन बंद ठेवलाय.

९ मे
करीमा मुलीकडे जाऊन आली. झाकण उघडून हाज्जा म्हणाली म्हणे, बदकं ठीक आहेत, पण ह्या चिमण्या कुणी पाठवल्या? तर इब्तिहाल म्हणाली, हाज्जा, मीच बाबांना लहान ठेवायला सांगितलं होतं, मला कोवळेच आवडतात. आणि नवरीच्या कपड्यांत सगळ्यांसमोर बसून एकेक करत सगळे लावे संपवले. लहानपणापासून तिला लाव्याचा वाससुद्धा सहन होत नाही.

मी घाबरलोय, हे तिला कुणी सांगितलं कळत नाही. मी तर कुणाजवळ बोललो नव्हतो. इथेसुद्धा घाबरलेलो नाही असंच लिहिलंय.