समोरच्या दारात

मॅडम आंघोळीला गेल्या, तशी सत्यभामानं दोन वर्षं सांभाळलेल्या सुयशला त्याच्या बापाच्या कडेवर दिलं आणि फ्रिजवर चिठ्ठी लावली :

"मॅडम, सुयशच्या वेळी तुम्ही सहा महिने रजेवर होत्या. माझ्या संध्याच्या बाळंतपणाला मी दोनच दिवस मागितले, तर 'सांभाळणारीला कसली रजा?' म्हणाल्या. लेक करमाडला एकटीच कळा सोसत होती.

आजपासून मी समोरच्या डॉक्टरीणबाईंकडं. दर रविवारी सुट्टी, अडीअडचणीला रजा, सगळं कागदावर लिहून घेतलंय.

आज शेंद्र्याच्या कंपनीत तुमची मोठी मीटिंग हाय, ठाऊक हाय मला. म्हणूनच आजचा दिवस धरला.

सुयशची पेज झाकून ठेवलीय. त्यानं हाक मारली तर धावत येईन. तुम्ही मारली तर नाय.

सत्यभामा"