साऱ्याईचा साहेब

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही शिळा होत नाही. काल मनीषनगरात एका खेळण्यांच्या दुकानाच्या काचेआड तो दिसला. उजव्या हाताच्या जागी तोफ असलेला, यंत्रमानवांचा तो दुष्ट सेनापती. आता प्लास्टिकचा करतात, हातात घेतला तर काहीच वजन नाही. आपला धातूचा होता, चांगला जड.

आईला साडी घ्यायला म्हणून तुम्ही उमरेडहून एसटीनं गांधीबागेच्या बाजारात गेलात आणि साडीसोबत मला तो आणलात. माझा वाढदिवस नव्हता, सण नव्हता. आदल्याच आठवड्यात तुम्ही आईचा ओठ फोडला होता, त्याची ती खरेदी. "घे वं," तुम्ही म्हणालात, "दुकानदार म्हणे, हा साऱ्याईचा साहेब आहे." सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जड, म्हणजे हाच हिरो, असा तुमचा सरळ हिशोब. कॉलनीतली पोरं मला हसली. हा तर व्हिलन, म्हणाली, यानं हरायचं असते. मी कशाला हरते? एकाच्या दातातून रक्त काढलं, तेव्हा त्यांनी नियम बदलला.

मग त्याची कॉमिक्स भाड्यानं आणून वाचली. सेनापती शत्रूला फारसा मारतच नाही, मारतो तो आपल्याच शिपायांना. एकाचा खांदा उपटतो, एकाला वितळत्या भट्टीत ढकलतो. त्याचा उपसेनापती दर अंकात थोबाड फोडून घेतो आणि पुढच्या अंकात "हुकूम, मालक" म्हणत पुन्हा हजर. बाकीच्या पोरांना तो मूर्ख वाटायचा. मला नाही वाटला. आपल्याकडेही असंच चालायचं.

त्या दिवशी तुमचा खाणीवर जायचा गणवेश ओला राहिला होता, एवढंच. स्वयंपाकघरात तुम्ही आईचे केस मुठीत धरता आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटता. एकदा, मग परत. "काहून मारून राहिले जी," आई म्हणते, "पोरगी पाहून राहिली." पोरगी पाहतेय म्हणून तुम्ही तिसऱ्यांदा आपटता. तिच्या कानामागून रक्त येतं आणि परातीतल्या कणकेत पडतं. मी सेनापतीला पायांकडून धरते. तुम्ही वाकलेले होतात म्हणून माझा हात पोचला. तोफेचं टोक भुवईत शिरलं, हाडाला लागल्याचं मला मुठीत कळलं. मी दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्यांदाही मारणार होते, पण तुम्ही खाली बसलात.

आता आपण मेलो, असं मी धरूनच चालले होते. तुम्ही डोळ्यातलं रक्त पुसलंत, हाताकडे पाहिलंत आणि चक्क हसलात. "मस्त हाणलं वं! माहीच पोरगी आहे तू." पानठेल्यावर तुम्ही ते महिनाभर कौतुकानं सांगत होतात, टाके दाखवत. त्यानंतर आईवर तुमचा हात कधीच उठला नाही. लोक म्हणाले, माणूस सुधारला. कसला सुधारला! इतकी वर्षं आईचं रक्त पाहून तुमचा हात थांबला नाही, स्वतःचं पाहिलंत तेव्हा थांबला. त्याचीच मला आजही चीड येते.

आणि मग आई मला विचारायला लागली. शेजारी जाऊ का वं? भाजी कोणती करू वं? मला वाटलं, लाड करते. पुढं कधीतरी मी कशावरून तरी आवाज चढवला, तर तिचं कोपर आपसूक तोंडाआड गेलं. मी तिला आजवर बोटही लावलेलं नाही, बाबा.

आता ती माझ्याकडेच असते. काल दुपारी मी घरात शिरले, पिशवी जरा जोरात टेबलावर ठेवली. आई टीव्ही पाहत होती. तिनं लगेच आवाज कमी केला आणि म्हणाली, "चालू ठेवू का वं, की बंद करू?"

मले काहून विचारते, तुझंच घर आहे, एवढं म्हणायचं होतं. मी "राहू दे" म्हटलं आणि हातपाय धुवायला गेले. हे पत्र कुठल्या पत्त्यावर जायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तिनं विचारलं की मला बरं वाटतं.