गोपनीय शिट्टी

सोमवार, ३ तारीख

नवीन काम मिळालं! म्हणजे बेकरीतच, पण आता पावांना कागद गुंडाळत बसायचं नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, काढून टाकतायत. तर म्हणाले, "तू कुणाशी बोलत नाहीस ना?" मी मान हलवली. "कुणाशीच नाही?" परत हलवली. "उत्तम!" म्हणाले आणि टेबलावर एक मशीन ठेवलं.

दारू पकडायचं मशीन! मागच्या महिन्यात एकाचा हात पीठ मळायच्या मशीनमध्ये जाता जाता वाचला. तोंडाला वास येत होता म्हणे. तेव्हापासून मालक चवताळलेत. आता रोज कामाला हात लावायच्या आधी प्रत्येकाने माझ्यापुढे येऊन नळीत फुंकायचं. हिरवा दिवा लागला तर आत. लाल लागला तर घरी, चौकशी होईपर्यंत. निकाल फक्त तिघांना कळणार — मला, साहेबांना आणि ज्याचा त्याला. माझ्या घरी पण सांगायचा नाही. "गोपनीय म्हणजे गोपनीय!" साहेब ओरडले. दार उघडं होतं. बाहेर सगळ्यांनी ऐकलं.

इथे मला सगळे मुकी म्हणतात. शाळेत पण हेच म्हणायचे. तिथे उभं करून मोठ्याने वाचायला लावायचे, म्हणून तर नववीतच शाळा सोडली. आणि आज मुकेपणाबद्दल बढती!


मंगळवार, ४

"फुंका" एवढंच म्हणायचं होतं. नाही आलं. नुसतं नळीकडे बोट दाखवत बसले.

भट्टीवाले काका आले, "काय गं, वाढदिवस कुणाचा? केक कुठाय?" आणि एवढ्या जोरात फुंकलं की नळी निघून साहेबांच्या टेबलाखाली गेली. पॅकिंगमधली मावशी म्हणाली, "मी नवऱ्याचं तोंड रोज हुंगते. मला ठेवायचं की या कामावर, मशीनचा खर्च तरी वाचला असता."

सगळे हिरवे. मामाला सुट्टी होती.


बुधवार, ५

मामाला लाल आला.

आणि मशीनला शिट्टी आहे! साहेबांना पण माहीत नव्हतं. काल सगळे हिरवे, म्हणून वाजलीच नाही. आज अशी वाजली की आतून भट्टीवाले काका ओरडले, "कुकर उतरवा रे!"

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बेकरीत पिठाचा मास्तर. त्यानेच मला इथे चिकटवलं. आधी प्यायचा, खूप. मग मामीने एकदा बॅग भरली तेव्हा सोडली. ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर शिट्टी वाजली आणि सगळ्यांनी वळून मामाकडे पाहिलं.

मामाने एप्रन काढला, नीट घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवला. साहेब त्याला "खासगीत" सांगायला केबिनमध्ये घेऊन गेले. केबिनला चारही बाजूंनी काच आहे.


गुरुवार, ६

मामा घरी का बसलाय हे आईला कळेना. मामाने सांगितलं, मशीन बिघडलंय. आईला वाटलं, पिठाचं मशीन. मामीला नाही वाटलं. मामीने परत बॅग भरली आणि आली कुठे, तर आमच्याकडे! नवऱ्यावर रुसून नणंदेकडे राहायला आलेली बाई मी तरी पाहिली नाही.

दोघींनी मला मध्ये बसवलं.

"तू बोलू नकोस. फक्त मान हलव. प्यायला होता का?"

मी डोळे मिटून घेतले.

"ताई, डोळे मिटले! म्हणजे हो!"

"अगं, ती लहानपणापासून मिटते. पाहुणे आले तरी मिटते."

सोमवारी चौकशी आहे. मालक येणार, बेकरीच्या डॉक्टरांकडची सिस्टर येणार. तिथे ठरणार, मामा राहणार की जाणार. मामी म्हणते, "परत सुरू केली असेल तर माझं आणि त्याचं संपलं." ती हे रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. बटाटे सोलता सोलता म्हणाली.

झोपायला माझ्याच खोलीत आहे. झोपेत पण विचारते.


शुक्रवार, ७

मामी अजून आहे. आंघोळीला गेले तर दाराबाहेरून विचारलं.


शनिवार, ८

आज काय काय झालं!

मामा नाही तर पाव बिघडले. दगड! मामा रोज सकाळी आल्या आल्या, कुणी यायच्या आत, रात्रभर आंबवलेल्या पिठाचा गोळा तोडतो, डोळे मिटून चावत राहतो, मग सांगतो की झालंय का अजून ठेवायचं. त्यानंतरच रांगेत येतो. आता ते सांगणार कोण? साहेब म्हणाले, "तू भाची ना त्याची? रक्तात असेल. चाख!"

चाखलं. आंबट ढाण, जीभ चुरचुरली. माझं तोंड वाकडं झालं. "मान हलवली! झालंय!" म्हणून साहेबांनी ठरवून टाकलं. मी मान हलवलीच नव्हती, मला शिरशिरी आली होती.

मग मशीनपुढे बसले. रोज सगळ्यांच्या आधी मी फुंकायचं, मशीन ठीक आहे ना बघायला. फुंकलं.

शिट्टी!!

साहेब पांढरेफटक. "तू... पण?" आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले असतील. मला घरी पाठवावं तर मशीन कोण बघणार? शेवटी बस म्हणाले. पण शिट्टी सगळ्यांनी ऐकली होती.

आणि मग जे सुरू झालं! काका आले, "काय गं मुके, एकटी एकटीच?" मावशीने चहा आणून दिला, आजपर्यंत कधी पाणी विचारलं नव्हतं. पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "कोण मुलगा आहे तो? विसर त्याला." जी पोरं माझ्याकडे बघत पण नव्हती ती वाकून "फुंकू का, ताई?" म्हणायला लागली. ताई! खरं सांगायचं तर — बरं वाटत होतं.

थोड्या वेळाने गुपचूप परत फुंकलं. हिरवा! मी तर मधे फक्त चहाच प्यायले होते.

तेव्हा डोक्यात आलं. पीठ. ते आंबलेलं पीठ तोंडात होतं! मामा पण रोज तेच चावून येतो!


रविवार, ९

मामाचा निकाल मी कुणाला सांगू शकत नाही. साहेबांना फोन करून पिठाचं सांगावं म्हटलं, तीनदा नंबर लावला, तीनदा त्यांच्या "हॅलो"ला ठेवून दिला. शेवटी त्यांनीच उलटा फोन करून कुणाला तरी शिव्या दिल्या. ती मीच होते.

पण माझा निकाल माझा आहे ना? तो मी सांगू शकते. सगळ्यांसमोर. उभी राहून.

बाथरूममध्ये सराव केला. "साहेब, मी पीठ चाखलं आणि मला लाल आला." बादलीला दहा वेळा सांगितलं. मामीने दार वाजवलं, "कुणाशी बोलतेस? आमच्याशी बोलायला काय होतं?"


सोमवार, १०

चौकशी. मालक, साहेब, सिस्टर, मामा. मी निकाल दाखवायला म्हणून कोपऱ्यात.

मालक मामाला म्हणाले, "काही सांगायचंय?" मामा खाली बघत होता. नाही म्हणाला. मालकांनी पेन उचललं.

मी उभी राहिले. सगळे बघायला लागले आणि तोंडातून निघालं,

"मी प्यायले!"

एवढंच! पुढचं येईना. मालकांचं पेन पडलं. साहेब म्हणाले, "हे गोपनीय आहे, सर!" मला रडू फुटलं, आणि रडता रडता एकदम सगळं बाहेर आलं — पीठ, चावणं, लाल, चहा, हिरवा, कसल्याही क्रमाने.

सिस्टर आधी हसली. मग गंभीर झाली. साहेबांना म्हणाली, "खाल्ल्यावर चूळ भरून पाव तास थांबायचं असतं. मग फुंकायचं. आणि लाल आला तर परत तपासायचं. तुम्हाला कुणी शिकवलं नाही का?" साहेब म्हणाले, "शिकवायला माणूस आला होता. मी पावांच्या ऑर्डरमध्ये होतो."

मग तिथल्या तिथे! मामाने पीठ चावलं, फुंकलं — शिट्टी. चूळ भरली, बसला, पाव तासाने फुंकलं — हिरवा. मधल्या वेळात मालकांना राहवलं नाही, त्यांनी पण चावून फुंकलं. शिट्टी! त्यांना इतका आनंद झाला की साहेबांना पण लावलं. शिट्टी! बाहेरून काका ओरडत होते, "आत पार्टी चाललीय आणि आम्हाला बोलावणं नाही!"

मामा उद्यापासून कामावर. मालक त्याच्या खांद्यावर हात ठेवून माफ कर म्हणाले. मामा हसला नाही. फार दमलेला दिसत होता.


मंगळवार, ११

पाव परत पावासारखे.

मामीने बॅग भरली. मला म्हणाली, "बोलायचं नव्हतं तर निदान रडायचंस तरी घरी. आम्ही ओळखलं असतं." मग मला जवळ घेतलं आणि स्वतःच रडली. मामा न्यायला येणार उद्या.

बेकरीत मला अजून ताईच म्हणतात. काका म्हणाले, "आमचा तुझ्यावर विश्वास आहे गं, पण ती शिट्टी काही उगाच वाजत नाही."


बुधवार, १२

मामा आला. मामी आत आवरत होती. मी जिन्यात त्याची चप्पल सरळ करत होते. तो वाकून हळूच म्हणाला, "तू एवढी उभी राहिलीस माझ्यासाठी, म्हणून तुला सांगतो. लाल आला त्या दिवशी मी पीठ चाखलंच नव्हतं. डोकं जड होतं, विसरलो."

आतून मामी आईला म्हणत होती, "बिचाऱ्यावर उगाच संशय घेतला हो, ताई."

मी गप्प. या वेळी लाजून नाही. त्याच्याकडे बघत होते, शेवटी त्यानेच डोळे मिटले.

उद्या रांगेत त्यालाच पहिला घेणार. चूळ भरायला लावून, पाव तास समोर बसवून. आणि "फुंक" असं तोंडाने म्हणणार.